देवगडजवळ राहतो. आजोबांचा बंद पडलेला रेडिओ घरात आहे. त्यातले व्हॉल्व्ह (काचेच्या निर्वात नळ्या) वापरून घरीच अ‍ॅम्प्लिफायर बनवता येईल का? इथल्या हवेत तो टिकेल का?

बनेल आणि टिकेलही. पण आधी व्हॉल्व्हच्या काचेवर काय छापलंय ते वाचा. रेडिओ गावात वीज यायच्या आधीचा असेल तर तो बहुतेक बॅटरीवरचा, आणि नावं डी अक्षराने सुरू होतील. त्यातला डीएल९६ पाव वॅटसुद्धा देत नाही, तो सोडा. यू असेल तर त्या सेटच्या चासिसवर (धातूच्या सांगाड्यावर) थेट घरातली वीज येऊ शकते, उघडूच नका. पहिलं अक्षर ई म्हणजे ६.३ व्होल्टचा हीटर (व्हॉल्व्हला आतून तापवणारी तार). ईएल८४ किंवा ईसीएल८२ असा स्पीकर चालवणारा व्हॉल्व्ह निघाला तर नशीब काढलंत.

नाही निघाला तरी बिघडत नाही. ईएल८४ आणि ईसीसी८३ (एका काचेत दोन छोटे व्हॉल्व्ह) रशियात, स्लोव्हाकियात आजही बनतात. जुने बीईएलचे (भारत इलेक्ट्रॉनिक्सचे) मिळाले तर उत्तमच, पण नुसत्या नावासाठी दुप्पट पैसे देऊ नका.

पहिल्यांदा बनवताय तर सिंगल एंडेडच करा, म्हणजे आउटपुटला एकच व्हॉल्व्ह. एका चॅनेलला एक ईएल८४ आणि अर्धा ईसीसी८३. अ‍ॅनोडला २५० व्होल्ट, कॅथोडला १३५ ओहमचा रेझिस्टर, करंट साधारण ४८ मिलिअँपिअर. कागदावर ५.७ वॅट लिहिलेले असतात, तेही १० टक्के विकृती (डिस्टॉर्शन) धरून. म्हणून स्पीकर ९० डेसिबलच्या वरच्या संवेदनशीलतेचाच घ्या.

खरे पैसे व्हॉल्व्ह आणि स्पीकरच्या मधल्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरवर घाला. ५००० ओहमचे ८ करायचे म्हणजे वेढ्यांचं प्रमाण २५ ला १. प्रायमरीतून (व्हॉल्व्हकडच्या वेढ्यांतून) सतत डीसी वाहतो, त्यामुळे गाभ्याच्या E आकाराच्या पत्र्या सगळ्या एका बाजूला, I आकाराच्या दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये कागदाची फट हवीच. नाहीतर गाभा संपृक्त होऊन खालचे सूर जातात. बाजारातला पंपाच्या मोटरी भरणारा वाइंडर हे करू शकतो, पण त्याला चित्र काढून द्या, कारण पत्र्या आलटून-पालटून बसवायची सवय त्याच्या हातात असते. वार्निशमध्ये बुडवून भाजणं मात्र त्याला तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं जमतं, आणि आपल्याकडे तेच महत्त्वाचं.

कारण आपल्याकडची खरी अडचण ओल. जुन्या रेडिओतले कागदी कपॅसिटर एकही वापरू नका. दोन व्हॉल्व्हना जोडणारा कपलिंग कपॅसिटर ओल धरून गळतो, ईएल८४ च्या ग्रिडवर (सिग्नल घेणाऱ्या जाळीवर) पॉझिटिव्ह व्होल्ट येतात, करंट वाढतो आणि प्लेट, म्हणजे अ‍ॅनोड, लालबुंद होते. व्हॉल्व्ह तर जातोच, सोबत ट्रान्सफॉर्मरही. तिथे पॉलिप्रॉपिलीनचा नवा टाका आणि चालू केल्यावर ग्रिड व चासिस यांच्यात मोजा: शून्याच्या आसपास हवं. चासिस अ‍ॅल्युमिनियमची, सॉकेट सिरॅमिकचे. बाजूला फणसाच्या फळ्या छान दिसतात, पण पुरत्या वाळलेल्या हव्यात. पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा तासभर लावून ठेवा, आपल्याच उष्णतेने सुकतो.

हीटरच्या वायरी पिळून चासिसच्या कोपऱ्यातून न्या, हम (स्पीकरमधली गुणगुण) बराच कमी होतो. स्पीकर न जोडता सिग्नल देऊ नका.

आता जिवाचं. बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्ट राहतात. त्यावर २२० किलोओहम, २ वॅटचा ब्लीडर (साठलेली वीज उतरवणारा रेझिस्टर) कायमचा जोडा, एक मिनिट थांबा, मग मीटर लावून बघा. घरात आरसीसीबी (वीजगळती दिसताच पुरवठा तोडणारा स्विच) आहे म्हणून निर्धास्त राहू नका: ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडच्या एचटीचा (उच्च दाबाच्या विजेचा) झटका त्याला कळतच नाही. चासिसला अर्थ करा. जांभ्यात अर्थिंग मुळातच कमजोर, उन्हाळ्यात आणखी, म्हणून मीठ-कोळशाचा खड्डा ओलसर जागी, जमल्यास विहिरीच्या बाजूला घ्या. आणि हीटरचे ६.३ व्होल्ट रात्री उशिराही एकदा मोजा. तेव्हा लाईनला दाब चढलेला असतो.