वाचक विचारतात : काचबेडूक एक की दोन?

प्रश्न : माश्पी आणि नाऊन्स हे इक्वेडोरमधले दोन काचबेडूक फोटोत हुबेहूब सारखे दिसतात. मग जाती दोन कशा? ओळखायचे कसे? (वाचक, गंगापूर रोड, नाशिक)

फोटोवरून ओळखता येत नाहीत. कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर त्याला फोटो कुठे काढला ते आधी विचारा. दोन्ही जाती हायलिनोबॅट्रेकियम प्रजातीतल्या. लांबी 2 सेंटिमीटरच्या आसपास, पोपटी पाठीवर पिवळे ठिपके आणि त्यांच्याभोवती बारीक काळे टिपके. पोटाच्या काचेसारख्या पारदर्शक कातडीतून लाल हृदय दिसते, म्हणून नाव काचबेडूक; यकृत आणि आतड्यांवर मात्र पांढरे आवरण असते. फरक आहे तो डीएनएत, जवळजवळ 5 टक्के. त्या आधारावर 2022 साली दोन्हींचे वर्णन एकत्रच प्रसिद्ध झाले.

कोणता बेडूक जास्त पारदर्शक, या खुणेवरही जाऊ नका. फ्लाइशमन काचबेडूक या दुसऱ्या एका जातीवर 2022 मध्येच प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले, की झोपेत तो सुमारे 89 टक्के लाल रक्तपेशी यकृतात दडवतो आणि जागेपणीपेक्षा दोन-तीन पट पारदर्शक होतो. म्हणजे एकच बेडूक दुपारी वेगळा, रात्री वेगळा.

खरी खूण नदीची. ग्वायाबाम्बा नदीच्या दक्षिणेला माश्पी, उत्तरेला तोइसान डोंगररांगेत नाऊन्स. म्हणून नोंदीत ओढ्याचे नाव, काठ आणि उंची नसेल, तर कितीही सुंदर फोटो अभ्यासकाच्या कामाचा नाही.

प्रश्न : दोघे इतके सारखे आहेत, तर एकाचे जंगल राखले म्हणजे पुरे नाही का? (वाचक, इंदिरानगर)

नाही. दोन्हींचा पट्टा लहान आहे, आणि वर्णन करणाऱ्यांनीच दोन्ही जाती ‘संकटग्रस्त’ धराव्यात असे सुचवले. मोठी धास्ती खाणींची. काचबेडूक ओढ्यावर झुकलेल्या पानांवर अंडी घालतात. पिल्ले फुटली की खाली पाण्यात पडतात आणि तळाच्या पाल्यापाचोळ्यात वाढतात. काठची झाडे तोडली तर अंड्यांची जागा गेली. झाडे ठेवली पण वर खोदकामाचा गाळ सुटला, तर तळ बुजतो आणि पिल्ले जातात. काठ आणि पाणी दोन्ही लागते, तेही प्रत्येक खोऱ्यात वेगळे.

इक्वेडोरच्या 2008च्या राज्यघटनेत निसर्गाला हक्क दिले आहेत. त्यांच्या आधारे 2021 मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने लोस सेद्रोस या राखीव जंगलातले खाणीचे परवाने रद्द केले. मोठा निकाल, पण तो त्या एका जंगलापुरता.

प्रश्न : एक विक्रेता काचबेडकांची जोडी देतो म्हणतो. पाळता येतील का? (वाचक, सिडको)

आमचे मत : घेऊ नका. नोव्हेंबर 2022 मध्ये पनामातल्या परिषदेत काचबेडकांचे अख्खे कुळ सायटिस (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) याच्या परिशिष्ट 2 मध्ये घातले गेले. अख्खे कुळ का, याचे एक कारण वरच आले : कस्टमच्या टेबलावर जात ओळखता येत नाही. परिशिष्ट 2 म्हणजे सरसकट बंदी नव्हे, पण निर्यात करणाऱ्या देशाचा परवाना हवाच. भारतात आणायला विदेश व्यापार महासंचालनालयाची परवानगीही लागते. शिवाय सायटिस यादीतल्या जिवंत प्राण्यांची परिवेश 2.0 या सरकारी पोर्टलवर नोंद करण्याचे नियम 2024 पासून आहेत. ‘कागद नंतर देतो’ म्हणणाऱ्याकडे कागद नसतात.

आणि कागद असले तरी नाशिकचा मे महिना आहेच. विशीतल्या अंशांना आणि सततच्या दमटपणाला सरावलेला जीव 40 अंशांत टिकत नाही. काचेची पेटी बंद ठेवली तर ओल राहते पण हवा कोंडून बुरशी धरते. जाळी लावली तर काही तासांत सगळे सुकते. वातानुकूलित खोली, फवारा आणि रोज जिवंत फळमाश्या एवढे जमवले, तरी वीज गेली की खेळ संपला.

ज्यांच्याकडे कुठलेही परदेशी बेडूक आधीच आहेत त्यांनी पेटीतले पाणी गटारात किंवा नाल्यात ओतू नये. बेडकांच्या कातडीला लागणारी कायट्रिड बुरशी अशाच पाण्यातून पसरते. 2019च्या एका आढाव्यानुसार तिने 501 उभयचर जातींची संख्या घटवली आणि त्यांतल्या 90 बहुधा नामशेष झाल्या. पाण्याच्या 9 भागांना 1 भाग घरगुती ब्लीच मिसळा, निदान अर्धा तास ठेवा, मग संडासात ओता. माती आणि शेवाळ कोरडे करून कचऱ्यात टाका, कुंडीत नको.