जुने घर घेण्यापूर्वीची तपासणी

प्रश्न : बडोद्यातील दांडिया बाजारात आम्ही जुने घर घेत आहोत. व्यावसायिक तपासनीस नेमके काय पाहतो?

उत्तर : भिंती न फोडता जे डोळ्यांना दिसते आणि उपकरणांनी मोजता येते, तेवढेच तो तपासतो : छत, भिंती, नळजोडणी, वीजव्यवस्था. बडोद्याकडील काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. म्हणून दारांच्या कोपऱ्यांतून तिरप्या जाणाऱ्या भेगा, तसेच विश्वामित्री नदीचे पाणी पूर्वी घरात शिरले असल्यास भिंतींच्या तळाशी उरलेली ओल, यांकडे त्याचे लक्ष मुद्दाम वेधावे. विजेची गळती होताच 30 मिलिअँपिअरवर प्रवाह तोडणारा आरसीसीबी हा सुरक्षा-स्विच जुन्या घरांत बहुधा नसतो, आणि ही उणीव मला सर्वांत गंभीर वाटते. मालकी हक्काची कागदपत्रे मात्र वकिलाकडूनच तपासून घ्यावीत.