सह्याद्री हिमालयापेक्षा जुना आहे का? आणि पुण्याच्या पश्चिमेला दाट जंगल, तर पूर्वेला माळरान, असं का?

हो, सह्याद्रीचा खडक हिमालयाच्या उंचावण्याआधीचा आहे. आणि जंगल-माळ हा फरक मात्र खडकाचा नाही, पावसाचा आहे. इथला काळा बेसाल्ट साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, हे त्यातल्या किरणोत्सारी मूलद्रव्यांच्या मोजणीवरून कळलं. भारतीय भूखंड आशियाला धडकून हिमालय घडायला लागला तो त्यानंतर, सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वी. तोच बेसाल्ट पश्चिमेला ताम्हिणी घाटात आहे आणि पूर्वेला सासवड-बारामतीकडेही. पण अरबी समुद्रावरून आलेले ढग घाटमाथ्यावर चढताना थंड होतात आणि तिथेच रिते होतात. ताम्हिणीत वर्षाला 5000 मिमीहून जास्त पाऊस पडतो, पुणे शहरात साधारण 700 आणि पूर्वेला त्याहून कमी. म्हणून भीमाशंकरला अंजनी, जांभूळ यांचं सदाहरित रान टिकतं. तिथला शेकरू, म्हणजे झाडांवर राहणारी मोठी खार, जमिनीवर फारसा उतरत नाही, फांद्या एकमेकींना भिडलेल्या असतील तरच तो जगतो. त्याच्यासाठीच 1985 साली तिथे अभयारण्य झालं. मुळशी-वेल्ह्याच्या देवराया, म्हणजे देवाच्या नावाने राखलेली रानं, नक्की बघा, मूळचं रान कसं होतं ते तिथेच समजतं. एक लक्षात घ्या: उघडं दिसलं म्हणजे तोडलेलं जंगल, असं नेहमी नसतं. घाटमाथ्यावरचे सडे, म्हणजे उघडी कातळ-पठारं, आणि पूर्वेची बरीच गवताळ माळरानं नैसर्गिकच आहेत. लांडगा, चिंकारा, धाविक पक्षी यांचं ते घर आहे. तिथे वृक्षारोपण केलं तर नुकसानच होतं.