डी अँड डी, म्हणजे ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या फासे टाकून पात्रं वठवण्याच्या खेळाचे क्लास (पात्रांचे प्रकार) जादू नसलेल्या अंतराळयानाच्या सेटिंगमध्ये कसे आणायचे? नुसती नावं बदलून भागेल का?

फायटर (लढवय्या) आणि रोग (चोर-भामटा) यांच्या बाबतीत बऱ्यापैकी भागेल. विझार्डच्या (पोथीतून जादू शिकलेला) बाबतीत अर्धवट. क्लेरिकच्या (देवाच्या शक्तीने जादू करणारा पुजारी) बाबतीत अजिबात नाही, आणि खरी गोम तिथेच आहे.

तुमचं यान पिढ्यान्‌पिढ्या प्रवासात आहे, यंत्रं थकलीत, देव नाहीत आणि नियम मात्र पाचव्या आवृत्तीचेच ठेवायचेत. मग प्रत्येक क्लासला दोन प्रश्न विचारा: हा टेबलावर कोणती अडचण सोडवतो? आणि ती सोडवताना त्याचं काय खर्ची पडतं? तलवार, टोपी, झगा हे सगळं वरवरचं.

फायटरचं फारसं काही खर्ची पडत नाही, म्हणून तो कुठल्याही जगात खपतो. रोगचा स्नीक अटॅकही (बेसावध शत्रूवरचा जादा नुकसानीचा वार) फुकटच, पण त्याला एक अट आहे: ॲडव्हान्टेज (दोन फासे टाकून मोठा आकडा घेण्याची सवलत) हवा, नाहीतर आपला कुणी साथीदार शत्रूच्या पाच फुटांच्या आत हवा. सगळे आडोशाला बसून लांबून गोळ्या झाडायला लागले की दुसरी अट क्वचितच पुरी होते आणि रोग बिचारा पांगळा होतो. बार्बेरियनची (रानटी योद्धा) गत त्याहून वाईट, कारण रेजचं (त्याचा रागाचा झटका) जादा नुकसान फक्त ताकदीवर केलेल्या हल्ल्यांना मिळतं, बंदुकीला नाही. यावर नियम बदलण्यापेक्षा जग बदलणं सोपं. यानाच्या भिंतीला भोक पडलं तर सगळेच मरतील, म्हणून आत बंदूक चालवणं हा सर्वांत मोठा गुन्हा, असं ठरवून टाका. सुरे, हातोडे, अरुंद बोळ. दोघांचीही सोय झाली.

विझार्डचे स्पेल स्लॉट (स्पेल म्हणजे मंत्र) म्हणजे ‘आज एवढंच’ ही मर्यादा. तुमच्या यानात ती कोण घालतं? मी ते काम जुन्या मुख्य संगणकाला देईन. विझार्ड म्हणजे त्याचे विसरले गेलेले हुकूम पाठ असलेला माणूस. संगणक दिवसाला ठरावीकच हुकूम मानतो. स्पेलबुक म्हणजे बंद पडलेल्या कक्षांतून गोळा केलेली हुकूमांची वही. दार उघडणं, दिवे घालवणं, गुरुत्व बंद करणं हे सगळं यात बसतं. फायरबॉलही (आगीचा स्फोट करणारा मंत्र) बसतो, पण जिथून इंधनाची नळी जाते तिथेच. पाचव्या लेव्हलला (पात्राच्या प्रगतीची पायरी) वीस फूट त्रिज्येत आठ फाशांचं नुकसान करणारी गोष्ट जागेला बांधलेली असली तर मला तरी ते आवडेल. माणसांची मनं फिरवणारे स्पेल मात्र सरळ काढून टाका. सगळी यादी भाषांतरित करत बसू नका, तीसेक हुकूम पुष्कळ झाले.

आता क्लेरिक. १९७४च्या पहिल्या खेळात क्लास तीनच होते: फायटिंग-मॅन, मॅजिक-यूजर आणि क्लेरिक. चोर (आजचा रोग) आला तो १९७५च्या पुरवणीत. म्हणजे क्लेरिक पायातच आहे, आणि तो उभा आहे प्रार्थनेला उत्तर देणाऱ्या देवांच्या भरवशावर. बहुतेक जण त्याचा डॉक्टर करून मोकळे होतात. मला ते पटत नाही. डॉक्टर केला की उरते फक्त मलमपट्टी, आणि तो खेळाडू दुसऱ्यांचे हिट पॉइंट (जीव किती उरला त्याचे गुण) मोजत बसतो. क्लेरिककडे अधिकार असतो, आणि तो वरून मिळालेला असतो. देणारा तो काढूनही घेऊ शकतो. नाट्य त्यात आहे.

यानात असा अधिकार कुणाकडे असेल? हवा-पाणी सांभाळणाऱ्या खात्याकडे. क्लेरिक त्या खात्याचा शपथ घेतलेला माणूस. क्लेरिकचं डोमेन (त्याच्या देवाचं क्षेत्र) म्हणजे इथे विभाग: लाइफ म्हणजे दवाखाना, फोर्ज म्हणजे इंजिनखोली, ग्रेव्ह म्हणजे मृतांचं शरीर पुन्हा पाण्यात-मातीत मिसळवणारे लोक (हा विभाग मी स्वतः खेळेन). टर्न अनडेड म्हणजे भुताखेतांना, चालत्या मढ्यांना पळवून लावणं; त्यांच्या जागी भरकटलेले रोबॉट: क्लेरिकने खात्याचा संकेत उच्चारला की त्यांनी विझ्डम सेव्ह (शहाणपणाच्या गुणावर बचावाचा फासा) करायचा, नाही जमला तर मागे हटायचं. नियमाला हातही लावावा लागत नाही. आणि खात्याच्या मर्जीविरुद्ध वागला तर संकेत चालेनासा होतो, हे खेळाडूला पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.

बरं होण्याचा वेग वेगळा ठरवा. २०१४च्या डन्जन मास्टर्स गाइडमध्ये (खेळ चालवणाऱ्याचं नियमपुस्तक) ‘ग्रिटी रिअलिझम’ नावाचा पर्याय आहे: छोटी विश्रांती आठ तासांची, मोठी सात दिवसांची. तुटवड्याच्या यानाला तो शोभतो. फक्त स्लॉटही त्याच हिशोबाने परत येतात, त्यामुळे विझार्डवाला कुरकुर करणार.

एवढं करूनही निम्मे नियम खोडावे लागत असतील तर १९७७चा ‘ट्रॅव्हलर’ बघा. त्यात क्लासच नाहीत. पात्राने आधी कोणती नोकरी केली त्यावरून कौशल्यं ठरतात.

राहिले बाकीचे. मंक (हातापायांनी लढणारा साधू) जसाच्या तसा चालेल, बार्डचे (गाण्यातून जादू करणारा) स्पेल विझार्डच्याच यादीतून द्या. ड्रुइड (निसर्गाची जादू करणारा, प्राण्याचं रूप घेणारा) मी घेणार नाही. कुणी हट्टच धरला तर बागेच्या मजल्यावरचा क्लेरिक म्हणून घ्या, रूप बदलणं वगळून.