वाचकांचे प्रश्न : क्लोझापिन आणि दर आठवड्याची रक्ततपासणी

प्रश्न : माझा धाकटा भाऊ २८ वर्षांचा असून त्याला स्किझोफ्रेनिया आहे. आधी दोन वेगवेगळी औषधे पुरेशा मुदतीपर्यंत देऊन झाली, तरी कानात आवाज येणे आणि ‘भावकीतले लोक बागेत काहीतरी टाकतात’ हा संशय गेला नाही. सांगलीच्या डॉक्टरांनी क्लोझापिन सुरू केले त्याला आता तीन महिने झाले. आवाज पुष्कळ कमी झाले आहेत आणि तो बागेत कामाला येऊ लागला आहे. मात्र तो दिवसा पेंगतो, रात्री लाळेने उशी भिजते, वजनही वाढले आहे. ऑक्टोबर छाटणीच्या गडबडीत रक्त तपासायला दर आठवड्याला सांगलीची खेप जमत नाही. रिपोर्ट तर प्रत्येक वेळी चांगलाच येतो, मग तपासणी बंद केली तर चालेल का? हे औषध काम कसे करते आणि किती दिवस द्यायचे?
— एक वाचक, तासगाव तालुका

उत्तर : दोन औषधांनी न हटलेला आजार तिसऱ्या औषधाने मागे सरकला आहे, ही मोठी गोष्ट आहे. ती टिकवायची असेल तर रक्ततपासणी एकही आठवडा चुकवू नका.

भास आणि संशय बळावतात तेव्हा मेंदूच्या काही भागांत डोपामिन या रसायनाचे काम प्रमाणाबाहेर वाढलेले असते. १९५० च्या दशकात आलेली जुनी औषधे हे काम जोराने रोखत. त्यामुळे आवाज थांबत, पण अंग आखडणे, हात थरथरणे आणि चालण्यातला सहजपणा जाणे हे त्रासही होत. ज्यांना डॉक्टर ॲटिपिकल म्हणतात ती रिस्पेरिडोन, ओलान्झापिन, क्वेटियापिन यांसारखी औषधे डोपामिनबरोबर सेरोटोनिन या मेंदूतल्या दुसऱ्या रसायनावरही परिणाम करतात आणि त्यांत अंग आखडण्याचा त्रास सहसा कमी असतो. क्लोझापिन हे या गटातले पहिले औषध. डोपामिनला ते सैलसर रोखते, पण हिस्टामिन आणि ॲसिटिलकोलिन या आणखी दोन रसायनांच्या कामातही अडथळा आणते. आपल्या भावाचे पेंगणे आणि वाढलेली भूक बऱ्याच अंशी हिस्टामिनशी निगडित आहे.

रक्ततपासणीचा नियम कसा आला, हे एकदा समजले की तिचा कंटाळा येणार नाही असे मला वाटते. १९७५ मध्ये फिनलंडमध्ये क्लोझापिन घेणाऱ्या काही रुग्णांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घटल्या, जंतुसंसर्ग झाला आणि त्यांतले काही जण दगावले. अनेक देशांनी औषध मागे घेतले. पुढे १९८८ मध्ये अमेरिकेत, इतर औषधांना दाद न देणाऱ्या २६८ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात क्लोझापिनने सहा आठवड्यांत सुमारे ३० टक्के रुग्णांना गुण आला, तर तुलनेसाठी दिलेल्या जुन्या औषधाने अवघ्या ४ टक्क्यांना. त्यानंतरच, १९८९ मध्ये, नियमित रक्ततपासणीची अट घालून तिथे औषधाला परवानगी मिळाली. म्हणजे हे औषध आज आपल्या भावाला मिळते आहे ते या तपासणीच्या भरवशावर.

हा धोका शंभरात एकाहूनही कमी रुग्णांना असतो. परंतु तो मुख्यतः पहिल्या १८ आठवड्यांत असतो आणि आपण अजून त्या मुदतीतच आहात. मागचे रिपोर्ट चांगले आले याचा अर्थ पुढचाही येईल असा होत नाही, कारण पेशी थोड्या दिवसांत घटू शकतात आणि सुरुवातीला रुग्णाला काहीही जाणवत नाही. रिपोर्ट आपणही वाचायला शिकावे. टोटल काउंट (पांढऱ्या पेशींची एकूण संख्या) ६,००० आणि त्यांत न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ६० टक्के असतील, तर न्यूट्रोफिलची प्रत्यक्ष संख्या ३,६०० झाली. ही संख्या १,५०० च्या खाली गेली तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. १,००० च्या खाली गेल्यास औषध थांबवावे लागते. दोन तपासण्यांच्या मधे ताप आला, घसा दुखू लागला किंवा तोंड आले, तर तापाची गोळी देऊन वाट पाहू नका, त्याच दिवशी रक्त तपासा.

खेपेची अडचण मात्र खरी आहे आणि ती सुटण्यासारखी आहे. सी.बी.सी. म्हणजे रक्तपेशी मोजण्याची ही तपासणी साधी आहे. ती तासगावात करून रिपोर्टचा फोटो डॉक्टरांना मोबाइलवर पाठवला तर चालेल का, हे त्यांना विचारा. बहुतेक डॉक्टर आनंदाने हो म्हणतात. १८ आठवड्यांनंतर तपासण्यांमधले अंतरही ते वाढवत नेतील.

आपल्या पत्रात नसलेल्या एका त्रासाबद्दल मला काळजी वाटते : बद्धकोष्ठता. क्लोझापिनने आतड्यांची हालचाल मंदावते आणि दुर्लक्ष झाले तर आतडे पूर्ण बंद पडून जिवावर बेतू शकते. रुग्ण लाजेने बोलत नाहीत, म्हणून ‘आज पोट साफ झाले का’ हे घरच्यांनी रोज विचारावे. पोट फुगणे, उलटी होणे किंवा पोटात जोराची कळ येणे असे काही झाल्यास तडक दवाखाना गाठावा. पहिल्या दोन महिन्यांत हृदयाच्या स्नायूला सूज येण्याचा एक दुर्मीळ धोका असतो. तो काळ आता सरला असला, तरी छातीत दुखणे, धाप लागणे किंवा नाडी फार जलद चालणे यांकडे कधीही काणाडोळा करू नये. मोठ्या डोसला फिट येऊ शकते.

लाळेचा त्रास जिवावरचा नाही. कुशीवर झोपवावे, उशी थोडी उंच ठेवावी, तरीही फार होत असेल तर त्यावर गोळ्या आहेत. वजनाचे तसे नाही. क्लोझापिन आणि ओलान्झापिन यांनी रक्तातील साखर व चरबी वाढते, म्हणून या तपासण्या आणि कमरेचे माप ठरावीक अंतराने व्हायलाच हवे. डोसचा मोठा भाग रात्री घेता येईल का, हे डॉक्टर पाहतील. तोवर पेंगणाऱ्या माणसाच्या हाती फवारणीचा ट्रॅक्टर देऊ नका. गावातल्या डॉक्टरांकडे गेलात तर क्लोझापिन चालू असल्याचे आधी सांगा, कारण जुलाबासाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या सिप्रोफ्लॉक्सासिनने क्लोझापिनचे रक्तातील प्रमाण वाढते.

औषध किती दिवस, याचे उत्तर वर्षांत द्यावे लागेल. त्याची चटक लागत नाही, पण एकदम सोडले तर आजार पूर्वीपेक्षा जोराने उसळू शकतो. या आजारात आत्महत्येचा धोका मोठा असतो आणि तो कमी करण्याचा क्लोझापिनचा गुण अभ्यासांतून दिसलेला आहे, हेही घरच्यांना जरूर सांगा.

प्रश्न : माझे पती रोज ३०० मिलिग्रॅम क्लोझापिन घेत होते. यंदा लोणंदपासून ते पालखीबरोबर चालत गेले आणि गोळ्या घरीच राहिल्या. चार दिवस खंड पडला. परत आल्यावर डॉक्टरांनी २५ मिलिग्रॅमच्या अर्ध्या गोळीपासून सुरुवात केली आणि ते हळूहळू वाढवत आहेत. सासरे म्हणतात, एवढ्याशा गोळीने काय होणार, पूर्वीचाच डोस द्या. वारीत पतींनी विडीही सोडली आहे.
— एक वाचक, फलटण

उत्तर : डॉक्टरांनी केले तेच बरोबर आहे. ४८ तासांहून अधिक खंड पडला की शरीराची औषधाची सवय मोडते. अशा वेळी जुना डोस एकदम दिला तर रक्तदाब कोसळणे, बेशुद्धी, फिट असे प्रकार घडू शकतात. त्यामुळे साडेबारा मिलिग्रॅमपासून पुन्हा चढत जावे लागते आणि रक्ततपासणीही काही आठवडे पुन्हा जवळजवळ करावी लागू शकते. मामंजींना हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकवलेत तर त्यांना पटेल.

विडीचा उल्लेख आपण केलात हे फार चांगले झाले. तंबाखूच्या धुरामुळे यकृत क्लोझापिन लवकर संपवते, म्हणून विडी-सिगारेट ओढणाऱ्याला डोस जास्त लागतो. विडी सुटली की तोच डोस रक्तात दीडपट किंवा त्याहूनही जास्त भरू शकतो. हा परिणाम धुराचा आहे, निकोटिनचा नव्हे. त्यामुळे तंबाखू-चुना मळून खाणाऱ्याच्या बाबतीत हा प्रश्न येत नाही. आपल्या पतींना आता ३०० पर्यंत जावे लागेलच असे नाही, तेव्हा पुढचा डोस वाढण्यापूर्वी विडी कोणत्या दिवशी सुटली ते डॉक्टरांना सांगा, आणि पुन्हा सुरू झाली तर तेही लपवू नका.