घर कुणाच्या नावावर आहे?

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या डरहॅममधल्या कृष्णवर्णीय मध्यमवर्गीय कुटुंबांवर प्रबंध लिहिते आहेस, विषय उत्तम. टिपणातला सूर मात्र पटला नाही. 'कुटुंबं ढासळली म्हणून समाज मागे राहिला' हे कृष्णवर्णीय कुटुंबांवरच्या १९६५ च्या सरकारी मॉयनिहन अहवालापासून ऐकू येतंय. एकट्या आईला बोल लावणं सोपं असतं. तू कागदपत्रांपासून सुरुवात कर.

राहतेस ते शहरच बघ. गुलामीत जन्मलेला जॉन मेरिक तिथं केशकर्तनालयं चालवायचा. १८९८ मध्ये त्यानं डॉ. एरन मूर वगैरे मंडळींबरोबर नॉर्थ कॅरोलिना म्युच्युअल ही विमा कंपनी काढली. हप्ते किरकोळ, पण कर्ता माणूस गेला तर अंत्यविधीसाठी हात पसरायची वेळ येत नसे. १९०८ मध्ये मेकॅनिक्स अँड फार्मर्स बँक उघडली आणि गोऱ्या बँका दारात उभं करत नव्हत्या त्यांना कर्ज मिळू लागलं. कुटुंबं समाजाला सावरतात म्हणतेस. इथं आधी समाजाच्या संस्थांनी कुटुंबं सावरली. पुढं पुनर्विकासाच्या नावाखाली हेटाय या डरहॅममधल्या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतून महामार्ग गेला, घरं-दुकानं पाडली गेली. कमावलेलं असं मधेच गळतं. अमेरिकी मध्यवर्ती बँकेच्या २०२२ च्या पाहणीत गोऱ्या कुटुंबांची मध्यक संपत्ती (निम्मी कुटुंबं तिच्या वर, निम्मी खाली) २ लाख ८५ हजार डॉलर होती, कृष्णवर्णीयांची ४४,९००. पगारांत एवढी तफावत नाही.

म्हणून त्या कुटुंबांना विचार: घर कुणाच्या नावावर? मृत्युपत्र केलंय? अमेरिकेच्या दक्षिणेत मृत्युपत्राविना राहिलेली आजोबांची जमीन सगळ्या वारसांची सामायिक असते. एखाद्या दूरच्या वारसाचा हिस्सा बिल्डरनं घेतला की तो कोर्टात जाऊन सबंध जमिनीची विक्री मागू शकतो. सातबाऱ्यावर वारस लावायची टाळाटाळ आपल्याकडं पाहिलेली आहेस, तुला हे जड जाऊ नये. बऱ्याच राज्यांनी अलीकडं कायदा बदलून बाकीच्या वारसांना संरक्षण दिलंय. नॉर्थ कॅरोलिनाचं काय, ते तिथल्या वकिलाकडून समजून घे.

पगारातून भावंडांकडं, आईकडं किती जातं तेही विचार. घरात पहिल्यांदा पदवी मिळवलेल्याच्या अंगावर हा भार असतोच, म्हणून बचत कमी दिसली तर उधळपट्टी लिहून मोकळी होऊ नकोस.

आणि पहिल्याच भेटीत प्रश्नावली काढू नकोस गं. चर्चनंतर जेवायला थांबवलं तर थांब. कुठली जमीन कशी गेली, हे बहुधा म्हाताऱ्या बायकांनाच ठाऊक असतं.

सुधारलेलं टिपण पाठव. वाचून कळवतो.

तुझा,
सर