प्रश्नचिन्हं दिसली की आधी फॉन्टला हात लावू नकोस

टी-एसक्यूएलमध्ये (मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर डेटाबेसच्या भाषेत) 'सातारा' लिहिलंस आणि टेबलात नुसती प्रश्नचिन्हं आली, यात घाबरण्यासारखं काही नाही. पण दिसतंय काय ते आधी नीट बघ. चौकोन दिसत असतील तर डेटा बहुधा शाबूत आहे, फॉन्ट नाहीये. प्रश्नचिन्हं असतील तर खात्री कर: त्या कॉलमवर युनिकोड फंक्शन चालव, ते पहिल्या अक्षराचा क्रमांक देतं. 'म'साठी 2350 यायला हवं. 63 आलं तर तिथे खरोखरच प्रश्नचिन्ह साठलंय आणि मूळ अक्षर गेलं. ते कुठल्याही सेटिंगने परत येत नाही, मूळ फाइलवरूनच पुन्हा भरावं लागतं. म्हणून जुनी फाइल अजिबात पुसू नकोस.

कारण बहुतेक वेळा एकच. अवतरणचिन्हाआधी कॅपिटल एन लावला नाही, तर सर्व्हर तो मजकूर डेटाबेसच्या कोड पेजमध्ये, म्हणजे त्याच्या मर्यादित अक्षरसंचात, बसवायला जातो, आणि नेहमीच्या कोड पेजमध्ये देवनागरी नसतेच. कॉलम एनव्हारचार, म्हणजे युनिकोड मजकुराच्या प्रकारचा, असला तरी उपयोग नाही, अक्षरं तिथे पोचण्याआधीच गेलेली असतात. प्रोसिजरमधलं (साठवून ठेवलेल्या कोडमधलं) एखादं व्हारचार, म्हणजे कोड पेजवर चालणारं, पॅरामीटरही हेच करतं. माझे दोन दिवस अशाच एका पॅरामीटरने खाल्ले होते, म्हणून सांगतो, कॉलमपासून मागे मागे जात प्रत्येक व्हेरिएबल तपास. एसक्यूएल सर्व्हरच्या 2019च्या आवृत्तीपासून यूटीएफ-8 कोलेशन (व्हारचारमध्येही युनिकोड साठवू देणारी सेटिंग) आहे, पण चालू डेटाबेसवर आत्ता तो खटाटोप नको.

आणि कॉलमची लांबी ठरवताना काना-मात्राही वेगळ्या मोज: 'मराठी' तीन नाही, पाच.